वाळूची मूठ: उद्यमबागेतील शिकाऊ उमेदवार

[सकाळ. खानापूर रस्ता, उद्यमबागेचा थांबा.]

सकाळी सातच्या सुमारास खानापूरकडून येणारी बस बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या थांब्यावर अर्धी रिकामी होते. जेवणाचा डबा आणि सेफ्टी शूज पिशवीत घालून उतरणाऱ्या या विशीच्या आतबाहेरच्या मुलांपैकी काही जण अजून कामगार झालेले नाहीत. कायद्याच्या भाषेत ते शिकाऊ उमेदवार आहेत. कारखान्यात त्यांना सगळे अप्रेंटिस म्हणतात.

[फौंड्री. वाळूचा ढीग, हात.]

बेळगावच्या कारखानदारीत ओतकामाला, म्हणजे वितळलेले लोखंड साच्यात ओतून वस्तू घडवण्याला, मानाचे स्थान आहे. ओतकाम भट्टीपासून सुरू होते असे पाहणाऱ्याला वाटते, पण त्याची खरी सुरुवात या वाळूच्या ढिगापाशी होते. सिलिका वाळूत बेंटोनाईट ही चिकट माती, कोळशाची भुकटी आणि शेकडा तीन-चार भाग पाणी मिसळून जे मिश्रण तयार होते, त्याला ग्रीन सँड असे नाव आहे; रंगाने ते काळेच असते. पाणी कमी पडले तर साचा ढासळतो आणि जास्त झाले तर तापलेल्या लोखंडाच्या रसाने त्याची वाफ होऊन जॉबमध्ये, म्हणजे ओतून घडणाऱ्या वस्तूत, ब्लोहोल म्हणजे पोकळ छिद्रे पडतात. हे प्रमाण मोजण्याचे उपकरण असते, तरीही मिस्त्री आधी मूठच वळतो. येळ्ळूरहून येणारा हा मुलगा आयटीआय पूर्ण करून आला आहे आणि तोही आता तेच करतो आहे. वाळू मुठीत दाबली की बोटांचे ठसे तिच्यावर उमटले पाहिजेत, आणि गोळा मोडला की त्याची कड भुगा न होता स्वच्छ तुटली पाहिजे. मिस्त्री नुसते पाहून सांगतो, ‘‘वली झालीया बघ, कोरडी घाल थोडी.’’

[पॅटर्न, खालची पेटी, ठोकणी.]

पॅटर्न म्हणजे ज्याच्याभोवती वाळू ठोकून साचा घडवतात तो नमुना; तो जॉबपेक्षा किंचित मोठा असतो, कारण बिडाचे लोखंड थिजताना आणि थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसते. साच्याच्या पेटीत वाळू किती ठोकायची, कडेला किती आणि मध्यभागी किती, वायू निघून जाण्यासाठी सळईने भोके कोठे पाडायची, यांतील बरेचसे पुस्तकात लिहिलेले आहे आणि मुलाने ते परीक्षेत लिहिलेही असेल; मनगटाला मात्र ते इथेच कळते.

या शिकण्याला कायद्याचा आधार १९६१ सालापासून आहे. त्या वर्षीच्या शिकाऊ उमेदवार कायद्यात पुढे बदल होत गेले आणि २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. चार ते एकोणतीस माणसांच्या कारखान्यांसाठी ते ऐच्छिक आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथील कितीतरी वर्कशॉप या दुसऱ्या गटात मोडतात, म्हणजे तेथे मूल शिकेल की नाही हे मालकाच्या मनावर ठरते. अशा मालकांचा भार हलका व्हावा म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू केली. तीत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, सरकार उचलते.

[बेळगाव–वेंगुर्ला रस्ता. बाची, पुढे शिनोळी.]

हिंडलगा, सुळगा, उचगाव, बाची. बाची संपले की महाराष्ट्र सुरू होतो आणि चंदगड तालुक्यातील शिनोळीची औद्योगिक वसाहत दिसते. बेळगाव तालुक्यातील मुले येथे कामाला रोज जातात. सरकारी योजना मात्र हा रस्ता इतक्या सहज ओलांडत नाहीत. महाराष्ट्राने २०२४ साली आणलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेला महाराष्ट्राचा रहिवास लागतो. कर्नाटकाची युवानिधी पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी आहे, आयटीआय झालेल्याला तीत जागा नाही. केंद्राच्या शिकाऊ उमेदवारीला मात्र आधार कार्ड आणि शिक्षणाचा दाखला पुरतो, मग कारखाना बाचीच्या अलीकडे असो वा पलीकडे. सीमाभागातील मराठी घरांपर्यंत ही गोष्ट जितकी पोहोचायला हवी होती तितकी पोहोचलेली नाही, असे आम्हाला हे चित्रीकरण करताना वारंवार वाटले.

[भट्टी. रस ओतणे.]

सुमारे १४०० अंशांचा रस लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीतून, पेटीत उतरतो. धार तुटता कामा नये, म्हणून ओतताना कोणी बोलत नाही. शिकाऊ मुलांना या वेळी दूर उभे केले जाते.

शिकाऊ उमेदवारीचे वर्ष संपल्यावर परीक्षा होते आणि उत्तीर्ण झालेल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. त्याच कारखान्यात नोकरी देण्याचे बंधन मात्र कायद्याने मालकावर घातलेले नाही.

[दुपार. पेट्या फोडणे.]

थंड झालेली पेटी फोडली जाते. सकाळची तीच वाळू आता भाजून सुटी होऊन खाली पडते आणि तिच्यातून जॉब बाहेर येतो. मिस्त्री तो उचलून धरतो, हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकतो आणि मुलाला तो ग्राइंडिंगच्या ट्रॉलीत ठेवायला सांगतो.