नाटक बसवणाऱ्या बाई

[पडद्यावर : रिकामा रंगमंच. मधोमध दोन लाकडी खुर्च्या.]

१९६२ साल. मुंबईत मोजक्या प्रेक्षकांसमोर एक नाटक चाललंय. एक म्हातारा, एक म्हातारी आणि खुर्च्या. पाहुणे येतायत, पण ते दिसत नाहीत. दोघं मात्र त्यांचं मनापासून स्वागत करतात, त्यांना बसवतात, आणखी खुर्च्या आणतात. रंगमंच भरत जातो आणि तरीही रिकामाच राहतो.

युजीन आयनेस्कोच्या नाटकाचा हा मराठी प्रयोग, 'खुर्च्या'. दिग्दर्शिका विजया खोटे. अजून तिशीही गाठलेली नाही.

जन्म १९३४चा, बडोद्याचा, जयवंतांच्या घरातला. पुढे अभिनेत्री दुर्गाबाई खोट्यांच्या घरी सून म्हणून आल्या. पती हरीन खोटे अकाली गेले. नंतर फरोख मेहतांशी लग्न झालं आणि महाराष्ट्राला आज माहीत असलेलं नाव पक्कं झालं : विजया मेहता. नाटकवाल्यांसाठी मात्र नुसत्या 'बाई'.

नाटकाचे धडे त्यांनी इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान यांच्याकडे घेतले. एकाकडे काटेकोर शिस्त, दुसऱ्याकडे पारशी रंगभूमीचा मोकळा खेळकरपणा. १९६०मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशा मंडळींबरोबर त्यांनी 'रंगायन' ही प्रायोगिक नाट्यसंस्था सुरू केली. इथे प्रयोग थोडे आणि तालमी भरपूर. संहिता पाठ करून उभं राहायचं, एवढ्यावर नटाची सुटका नसे. चि. त्र्यं. खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' इथेच उभं राहिलं. नागपुरात सिनेमाचं तिकीट न मिळाल्यामुळे एक तरुण, विजयाबाईंनी बसवलेल्या 'मी जिंकलो! मी हरलो!'च्या प्रयोगाला जाऊन बसला आणि नाटककार व्हायचं ठरवूनच बाहेर पडला. त्याचं नाव महेश एलकुंचवार. त्याची 'सुलतान', 'होळी' पुढे बाईंनीच रंगमंचावर आणली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'रंगायन' फुटलं. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी 'आविष्कार' ही संस्था काढली. बाई व्यावसायिक रंगभूमीवर आल्या.

इथे जरा थांबायला हवं. बाईंनी प्रायोगिक नाटक सोडलं, असं या वळणाबद्दल सहज बोललं जातं. आम्हाला ते पटत नाही.

[पडद्यावर : तोच रंगमंच, त्याच दोन खुर्च्या. आता मागे एका घराची खिडकी.]

१९७३. दि गोवा हिंदू असोसिएशनचं 'संध्याछाया', लेखक जयवंत दळवी. पुन्हा एक म्हातारा, एक म्हातारी : नाना आणि नानी. माधव वाटवे आणि स्वतः विजयाबाई. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा सैन्यात. घरात उरलंय ते वाट पाहणं. 'खुर्च्या'तले पाहुणे दिसत नव्हते, इथली मुलं दिसत नाहीत. मूठभर रसिकांपुढे जे रिकामपण बाईंनी हाताळून पाहिलं होतं, ते आता तिकीट काढून सहकुटुंब आलेल्या माणसासमोर होतं, आणि त्याला ते स्वतःच्या घरातलं वाटत होतं. प्रयोग सुटला नव्हता. त्याला घर मिळालं होतं.

मग एकामागोमाग एक नाटकं आली. नाना पाटेकर, अशोक सराफ, भारती आचरेकर, नीना कुलकर्णी यांना एकत्र आणणारं 'हमीदाबाईची कोठी'. 'महासागर'. 'पुरुष'. आणि १९७७चं 'बॅरिस्टर'.

'बॅरिस्टर' आपण थोडं जवळून पाहू. विक्रम गोखले बॅरिस्टर, विजयाबाई मावशी. केशवपन झालेली, आलवणातली विधवा. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला मावशी कळायला हवी ती तिच्या पाठीच्या बाकातून, पदर सावरण्यातून, आवाजाच्या पट्टीतून. तिथून डोळे दिसतच नाहीत. पुढे याच नाटकावर बाईंनी 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट केला. रावसाहेब अनुपम खेर, मावशी पुन्हा बाईच. आता कॅमेरा हातभर अंतरावर. रंगमंचावर जे शरीराने सांगायचं, ते इथे पापणीवर आणून ठेवायचं. भूमिका तीच, मोजमाप सगळं नवं. या मावशीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दूरदर्शनवर तर त्यांनी एक अख्खं आत्मचरित्र पेललं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई झाल्या सुहास जोशी, त्यांचे पती ना. वा. टिळक झाले रवींद्र मंकणी. नवऱ्याने धर्म बदलला आणि हिचा संसार एका रात्रीत पोरका झाला. ही गोष्ट सांगायला मोठ्या पडद्याची भव्यता नकोच होती. ती घरातल्या छोट्या पडद्यावर, ओटा-माजघराच्या अंतरावरूनच सांगायला हवी होती. १९९१मध्ये त्यांनी 'लाइफलाइन' ही रुग्णालयातल्या माणसांची हिंदी मालिका केली. त्याआधी 'पेस्तनजी', पारशी समाजावरचा चित्रपट.

जर्मनीचं काम हा वेगळ्या माहितीपटाचा विषय आहे. वायमरचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्याबरोबर त्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्त मराठीत आणला, 'अजब न्याय वर्तुळाचा'. मग उलट दिशेने निघाल्या आणि कालिदासाच्या ज्या 'शाकुंतला'वर जर्मन कवी गटे भाळला होता, ते जर्मन नटांना घेऊन लाइपझिगला बसवलं.

पुढे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राची धुरा त्यांनी कित्येक वर्षं सांभाळली. २०१२मध्ये 'झिम्मा' हे आत्मकथन आलं.

पण आमच्यासारख्यांचं काय, ज्यांना ते प्रयोग पाहायलाच मिळाले नाहीत? पडदा पडला की नाटक संपतं. तालमीत महिनोन्महिने घडवलेली नजर, एखादा थांबा, सगळं त्या रात्रीबरोबर जातं. म्हणून बाईंनी आपली काही नाटकं दूरदर्शनसाठी पुन्हा उभी केली, याचं मोल आम्हाला फार वाटतं. 'हमीदाबाई की कोठी' राहिली. एलकुंचवारांचा 'वाडा चिरेबंदी', जो त्यांनी १९८५मध्ये रंगमंचावर आणला होता, तो 'हवेली बुलंद थी' होऊन राहिला.

[पडद्यावर : अंधारी खोली. कंदिलाचा उजेड. एक उघडी पेटी.]

त्या वाड्यात एक रात्र आहे. घरातले वडील, तात्याजी, गेलेत. तेराव्याच्या खर्चावरून घरात धुसफूस सुरू आहे, शेती हातची जातेय, भिंतींना तडे गेलेत. थोरला भास्कर घराण्याचे दागिने बाहेर काढतो. त्याची बायको, वहिनी, एकेक करून ते अंगावर चढवते. आयुष्यभर चुलीशी राबलेली बाई, आणि गळ्यात पिढ्यांचं सोनं. पाहायला दुसरं कुणी नाही, फक्त नवरा. सकाळ व्हायच्या आत हे सगळं पुन्हा पेटीत जायचंय.

कंदील अजून जळतोय. वहिनी दागिने उतरवत नाही.