हात कामात, मन ओवीत

मंडळी, लिहिणाऱ्या माणसाला हमखास विचारतात, "तुम्हाला एवढा वेळ कसा मिळतो हो?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा खिडकीजवळचं टेबल, वाफाळता चहा आणि शांतता असते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र जातं येतं.

जात्यावरची ओवी कशी जन्मते ते बघा. पहाटेचा अंधार, घर झोपलेलं. दोघी समोरासमोर बसून खुंटा धरतात, मधूनमधून मुठीनं घास घालतात. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलायची. जातं फिरतं तशी ओळही फिरते, आणि तेवढ्यात पुढची सुचते. दळताना खांदे भरून येतात, पण मन मोकळं असतं. भाऊ, माहेर, सीतेचा वनवास, पंढरीचा विठ्ठल, पुढे बाबासाहेब आंबेडकरसुद्धा त्या दळणात आले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! आणि रचणाऱ्यांना त्यासाठी वेगळी सवड कुणीच दिलेली नव्हती.

आपल्या बहिणाबाई चौधरींचंच घ्या. 1880 साली जळगावजवळच्या असोद्याला जन्म. अक्षरओळख नाही. शेतात आणि चुलीपाशी राबता राबता त्या लेवा बोलीत गाणी रचायच्या. मुलानं, सोपानदेवांनी, त्यातली काही लिहून ठेवली म्हणून 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. हवेत विरून गेलेली गाणी किती असतील, या विचारानं मला आजही चुटपुट लागते. ज्या हातानं भाकरी थापायची त्याच हाताच्या लयीत कविता यायची, आणि ती अशी की शिकलेल्यांनी पाठ करावी.

वाचनाचंही तसंच. वाचायचं म्हणजे एकट्यानं, गप्प, एका जागी बसून, असं आपण धरून चाललो आहोत. पूर्वी श्रावणात एकजण पोथी वाचायचा आणि बाकीचे वाती वळत ऐकायचे. तेही वाचनच, आणि मला तर ते फार श्रीमंत वाटतं. आज घरी मटार सोलायला चौघं बसली, तर पाचव्यानं एक कथा मोठ्यानं वाचावी. करून बघा, मटार कमी पडतील!

पिठाची गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले, ते फार चांगलं झालं. जातं परत आणा असं मी कधीही म्हणणार नाही. मला काळजी आहे ती मोकळ्या मनाची. हात गुंतलेले आणि मन मोकळं, असे दिवसातले तुकडे आपण फोनला देऊन टाकले आहेत. कपडे वाळत घालताना, भांडी घासताना, डब्यासाठी पोळ्या लाटताना ते परत मागून घ्या. ओळ सुचली तर गुणगुणा, आणि हात पुसून लगेच लिहून ठेवा.

आणखी एक. घरात कुणी ऐंशीच्या पुढची आजी, मावशी असेल, तर तिला ओव्या विचारा. नुसतं "म्हणून दाखव" म्हटलंत तर ती "आता काही आठवत नाही गं बाई" म्हणेल. तिच्यापुढे तांदळाचं ताट ठेवा, तुम्हीही निवडायला बसा. पहिली ओवी आली की मध्ये बोलू नका, ती ओळ उचला आणि तिच्याबरोबर म्हणा.