द्वारा 99 एपीओ

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते छावणीतून घरी येणाऱ्या पत्रांबद्दल. लढाई चालू असताना येणाऱ्या पत्रांबद्दल. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत अशा पत्रांची एक तरी पत्र्याची ट्रंक असते. आमच्या जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी तुम्हाला माहीत आहेच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं कामी आली. तिथली लेकरं पाटीच्या आधी पत्र बघत असतील.

ही पत्रं वाचताना पहिल्यांदा जाणवतं ते त्यांत काय नाही ते. गावाचं नाव नाही. पत्त्यात सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, आणि शेवटी ‘द्वारा 56 एपीओ’ किंवा ‘द्वारा 99 एपीओ’. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, सैन्याचं टपाल कार्यालय. बस. पलटण कुठं आहे ते सैन्याच्या टपाल खात्याला ठाऊक. आपल्या नागपूरजवळ कामठीला त्या खात्याचं केंद्र आहे. आणि पत्राच्या आत? ठिकाण लिहायचं नाही. हालचाल लिहायची नाही. किती माणसं, कुठली हत्यारं, तेही लिहायचं नाही. पुन्हा सांगते, ठिकाण नाही, हालचाल नाही, संख्या नाही. मग उरतं काय? ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.’

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदुस्थानी शिपायांची पत्रं बुलोन शहरात सेन्सॉर वाचत. शिपायांनी त्यावर युक्त्या काढल्या. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं लिहिलं की घरच्यांनी समजून घ्यायचं. सेन्सॉरलाही ते कळलं. त्यांनी उतारे इंग्रजीत करून ठेवले म्हणून आज आपल्याला ते वाचता येतात.

जाता जाता एक सांगते. शाळेत आपण मुलांकडून मुख्याध्यापकांना रजेचे अर्ज लिहून घेतो. त्याऐवजी त्यांना आजीला पत्र लिहायला शिकवायला हवं. आणि घरातल्या जुन्या पत्रांना कृपा करून प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका. कागद आत गुदमरतो. धुतलेल्या सुती फडक्यात सपाट ठेवा.

आता मला जे सांगायचंच होतं ते सांगते.

1971 साल. मी पाचवीत. आमच्या शेजारी आक्का राहायच्या. त्यांचा थोरला मुलगा पलटणीत. आक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्याची पत्रं मी वाचायची आणि उत्तरंही मीच लिहायची. त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला आक्का मला म्हणाल्या, “पोरी, पत्त्यातला आकडा बदललाय बघ.” खरंच, 56 चं 99 झालं होतं. अक्षर न येणाऱ्या बाईनं ते आधी हेरलं. गुरुजी म्हणाले, “पूर्वेकडं गेलाय.” एवढंच कळलं.

3 डिसेंबरला लढाई सुरू झाली. सगळं गाव ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी. आक्का मात्र घरातच. पोस्टमन वेशीतून आत आला की त्या दारामागं व्हायच्या. तारेची भीती. तार म्हटलं की आमच्याकडं हातातली भाकरी खाली पडायची. 16 तारखेला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. गावात गुळ वाटला. आक्कांनीही हातावर खडा घेतला, पण तोंडात टाकला नाही. पदराच्या गाठीत बांधला. पत्र नव्हतं ना.

आठवड्यानं पत्र आलं. मी धावत गेले. आक्कांनी पत्र हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि मटकन खाली बसल्या.

“ह्ये अक्षर त्याचं न्हाई.”

मी बघितलं. खरंच नव्हतं. त्याचं अक्षर मोठं, उजवीकडं कललेलं. हे बारीक, उभं. मी फोडायला गेले तर माझा हात धरला. “थांब. म्हाताऱ्याला येऊ दे शेतावनं.” आजोबा येईपर्यंत तासभर आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो होतो. पत्र मांडीवर. चुलीवरचं कालवण करपलं, वास आला, पण कुणी उठलं नाही.

मग मी वाचायला लागले. ‘तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. उजव्या हाताला थोडं लागलं आहे, पट्टी बांधली आहे, म्हणून मित्राकडून लिहून घेत आहे. काळजी करू नये.’ मी वाचत होते आणि आक्का मान हलवत होत्या. नाही, नाही. दुसऱ्यानं लिहिलंय, काहीही लिहील. पोरगं गेलं तरी बरं आहे असंच लिहितात.

मी खालपर्यंत आले. सहीच्या जागी सही नव्हती. अंगठा होता. निळ्या शाईत, डाव्या हाताचा.

सातवी शिकलेला मुलगा! आयुष्यात पहिल्यांदा अंगठा उठवला असेल त्यानं. आक्कांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि उजेडाला धरला. अंगठ्याच्या मधोमध एक तिरकी पांढरी रेघ होती. तिथं शाई उमटली नव्हती. तो बारा वर्षांचा असताना ज्वारीच्या काढणीत विळा लागला होता, त्याचा व्रण. आक्कांनीच हळद दाबली होती त्यावर.

“ह्यो माझा,” त्या म्हणाल्या. “ह्यो माझा हाय.”

श्रोतेहो, ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द मी तेव्हापासून कधी तोंडातून काढला नाही, आणि माझ्यासमोर कुणी काढला तर मी टोकते. दर महिन्याला मनिऑर्डर घेताना आक्का पोस्टमनपुढं अंगठा उठवायच्या. आईला कुठलं अक्षर वाचता येतं, हे त्या मुलाला छावणीत बसून बरोबर आठवलं. मी वाचलेल्या ओळींवर त्यांचा भरवसा बसला नाही, त्या रेघेवर बसला.

त्यांनी पदराची गाठ सोडली आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी उत्तर लिहायला बसलो. लढाईबद्दल एक शब्द लिहू दिला नाही मला. म्हैस व्यायली, रेडी झाली. परसातल्या शेवग्याला फुलं आलीत. धाकटा चौथीत नापास व्हायच्या बेतात आहे, दोन शब्द लिहून दटाव. हात पाण्यात घालू नको. पत्ता मी तीनदा तपासला. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, द्वारा 99 एपीओ.

शेवटी आक्कांनी माझ्या दौतीत बोट बुडवून अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर दाबला. मी घडी घालायला गेले, तर म्हणाल्या, “वाळू दे गं. पुसट झाला तर त्याला कसं कळंल?”