खुर्दा किती गेला

श्रोतेहो, नमस्कार.

पानिपताच्या पराभवाची बातमी दक्षिणेत आली ती एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, २७ मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, हा त्यातला सांकेतिक मजकूर आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकला असेल. ते मोती कोण, हे आपण आजही नावानिशी सांगतो. मला आज बोलायचे आहे ते खुर्द्याविषयी. मात्र तो पानिपतावरचा नव्हे, तर पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, उत्तर फ्रान्समधल्या सोम नदीच्या परिसरात सांडलेला.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून व्हर्दँ येथे फ्रेंच सैन्य जर्मनांच्या माऱ्याखाली भरडले जात होते. तो ताण हलका व्हावा, हे सोमच्या चढाईमागचे एक तातडीचे कारण होते. १ जुलैच्या आधी सात दिवस ब्रिटिश तोफांनी जर्मन खंदकांवर पंधरा लाखांहून अधिक गोळे टाकले. एवढ्या भडिमारानंतर समोर कोणी जिवंत उरलेले नसेल, असे सैनिकांना सांगितले गेले. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे गोळे फुटलेच नाहीत, आणि जे फुटले त्यांतल्या पुष्कळांतून नुसत्या शिशाच्या गोळ्या उडत, ज्यांनी काटेरी तारांची दाट जाळी तुटत नसे. जर्मन सैनिक तर त्या भागातल्या मऊ चुनखडीत तीस-तीस फूट खोल खणलेल्या तळघरांत बसून होते. सकाळी साडेसातला शिट्ट्या वाजल्या, ब्रिटिश सैनिक पाठीवर सुमारे तीस किलोंचे ओझे घेऊन खंदकाबाहेर आले, आणि त्यांतल्या अनेक पलटणी रांगा धरून चालत निघाल्या. तोवर जर्मनांनी मशीनगनी वर आणून मांडल्या होत्या. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक मेले, जखमी झाले, बेपत्ता झाले किंवा शत्रूच्या हाती लागले. त्यांपैकी मृत १९,२४०.

आता हा आकडा जरा बाजूला ठेवू, कारण एवढी मोठी संख्या कानावरून नुसती वाहून जाते. ही माणसे होती कुठली? १९१४ साली स्वयंसेवकांची भरती करताना एक युक्ती काढण्यात आली होती: एका गावातल्या, एका गिरणीतल्या, एका पेढीतल्या तरुणांनी एकत्र नाव नोंदवावे, म्हणजे त्यांना एकाच पलटणीत ठेवले जाईल. शेजाऱ्याच्या शब्दावर शेजारी भरती झाला, भावामागून भाऊ आला. युक्ती चांगली लागू पडली, आणि तिची किंमत एकाच सकाळी वसूल झाली. लँकेशायरमधल्या अ‍ॅक्रिंग्टन या कापडगिरण्यांच्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पलटणीचे सुमारे ७२० जण सेर नावाच्या खेड्यावर चालून गेले. अर्ध्या तासाच्या आसपास त्यांतले ५८४ पडले किंवा नाहीसे झाले. विखुरलेल्या सैन्यात हे मृत्यू दूरदूरच्या घरांत वाटले गेले असते. इथे ते मोजक्या गावांच्या गल्ल्यांवर एकाच वेळी कोसळले.

न्यूफाउंडलंडची गोष्ट याहून कठीण. हे बेट तेव्हा कॅनडाचा भाग नव्हते आणि त्याची लोकसंख्या जेमतेम अडीच लाख होती. त्याची एकुलती एक पलटण बोमाँ-हामेल येथे सव्वानऊच्या सुमारास पुढे निघाली. पुढच्या खंदकापर्यंत नेणाऱ्या वाटा सकाळपासूनच्या प्रेतांनी आणि जखमींनी इतक्या तुंबल्या होत्या की त्यातून जाता येईना, म्हणून हे सैनिक मागच्याच खंदकातून वर चढले आणि उघड्या उतारावरून चालू लागले. आपल्याच तारांत वाट म्हणून ठेवलेल्या फटींवर जर्मनांनी नेम धरलेला होता. सुमारे ८०० जण गेले होते. दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा ६८ जणांनी ‘हजर’ म्हटले. त्या बेटावर १ जुलैला आजही लोक छातीशी निळ्या रानफुलाचा तुरा लावतात.

घरी बातमी जाण्याच्या पद्धतीतही मोहर आणि खुर्दा असा भेद होता. अधिकारी पडला तर त्याच्या घरी तार जाई. साध्या शिपायाच्या घरी टपालाने एक छापील अर्ज येई, ज्यातल्या मोकळ्या जागांत त्याचा क्रमांक, नाव आणि पलटण हाताने भरलेली असे. दुःखाचे शब्द छापील, माणूस तेवढा शाईने लिहिलेला. मला त्या आकड्यांपेक्षा या मोकळ्या जागांचीच अधिक धास्ती वाटते.

लढाई १८ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे १४१ दिवस, चालली. ब्रिटिश बाजूची हानी सव्वाचार लाखांच्या आसपास गेली, फ्रेंचांची दोन लाखांच्या, आणि जर्मनांची किती यावर इतिहासकार अजून भांडतात, तरी ती चार लाखांच्या खाली कोणी फारसे आणत नाही. आघाडी सरकली ती जास्तीत जास्त दहा किलोमीटर, म्हणजे पायी दोन-अडीच तासांची वाट. या झिजेनेच पुढे जर्मनी खचला, असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. परंतु ते हिशेब सेनापतींचे आहेत.

खुर्द्याची गणती तिएपवाल येथे दगडावर मांडलेली आहे. दिल्लीचे इंडिया गेट ज्यांनी रचले त्याच एडविन लटयन्स यांनी उभारलेल्या तिथल्या विटांच्या प्रचंड कमानीवर ७२ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. ज्यांची कबर ठाऊक नाही, त्यांचीच ही नावे. सोमच्या शेतांत नांगराला अजूनही तोफगोळे लागतात, आणि कधीकधी हाडे. बिल्ल्यावरून किंवा एखाद्या वस्तूवरून ती कोणाची हे ठरले, तर त्या सैनिकाचे लष्करी इतमामात दफन होते, त्याच्या थडग्यावर त्याचे नाव लागते, आणि मग तिएपवालच्या भिंतीवरून ते काढून टाकले जाते.