दिव्याच्या अवसेची दोन ग्रहणं

मंडळी, ग्रहण म्हटलं की मला आधी 11 ऑगस्ट 1999 ची संध्याकाळच आठवते. खान्देशातल्या शहाद्याकडचं आमचं गाव, आषाढी अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस. आजीने दिवे घासून पाटावर मांडलेले, आणि मी अंगणात जायला लागलो की ती ओरडायची, "घरमा बैस!" आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ताच नाही, पण सहाच्या सुमाराला एकदम असं अंधारलं की गोठ्यातली म्हैस हंबरायला लागली, टिटव्या ओरडत उडाल्या आणि जेमतेम मिनिटभरात परत उजाडलं. ढगांमुळे सूर्य दिसला नाही पण सावली आमच्या अंगावरून गेली, ती मी अजून विसरलो नाही.

आता हे किती दुर्मिळ आहे ते बघा. एकाच गावावर खग्रास सूर्यग्रहण परत यायला सरासरी साडेतीनशे वर्षांहून जास्त लागतात, आणि आपल्या शहाद्याच्या पट्ट्यावर ते दहा वर्षांत दोनदा आलं! दुसरं 22 जुलै 2009 ला, सकाळी साडेसहाच्या आत, तेही आषाढी अमावस्येलाच आणि तेही पावसाळ्यात. ढगांनी दोन्ही वेळा घात केला, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

लोक विचारतात, अमावस्या तर दर महिन्याला येते मग ग्रहण का नाही? दोन बांगड्या एकमेकींत जरा तिरक्या अडकवा, त्या दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. चंद्राची वाट अशीच सूर्याच्या वाटेला साधारण 5 अंश तिरकी आहे, आणि त्या दोन छेदांनाच आपण राहू-केतू म्हणतो. अमावस्या त्यांच्याजवळ पडली तर सूर्यग्रहण, पौर्णिमा पडली तर चंद्रग्रहण. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला, हे आर्यभटाने 499 साली लिहून ठेवलंय, म्हणजे आपल्याकडे हे ज्ञान नवीन नाही.

आणि ग्रहणं परत येतात बरं का! 18 वर्षं, 10-11 दिवस आणि वर 8 तास झाले की तसंच ग्रहण पुन्हा होतं, फक्त त्या 8 तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते म्हणून सावली तेवढी पश्चिमेला पडते. आपलं 1999 चं ग्रहण 21 ऑगस्ट 2017 ला अमेरिकेत गेलं. 2009 चं आता 2 ऑगस्ट 2027 ला इजिप्तवर खग्रास दिसेल, लक्सरला सहा मिनिटांहून जास्त, आणि खान्देशात त्याच दिवशी दुपारी चारच्या पुढे खंडग्रास. परत आषाढी अमावस्याच!

तेव्हा बघा, पण नुसत्या डोळ्याने नाही, एक्सरेच्या फिल्ममधून नाही आणि काजळी धरलेल्या काचेतून तर नाहीच, ग्रहणाचा खास चष्माच पाहिजे. चष्मा नसेल तर निंबाखाली उभे रहा. 25 ऑक्टोबर 2022 ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मावळतीला ग्रहण होतं. आमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर निंबाच्या पानांमधून उजेडाचे शेकडो ठिपके पडले होते आणि प्रत्येक ठिपका चतकोर तोडलेल्या कळण्याच्या भाकरीसारखा. पानांमधली प्रत्येक फट सूर्याचं चित्र काढत होती! शेजारच्या पोरांना बोलावलं तर ती अंधार पडेपर्यंत हलेनात.

चंद्रग्रहणाला मात्र खग्रास सूर्यग्रहणासारखा सावलीचा अरुंद पट्टा नसतो, जिथे जिथे रात्र आहे आणि चंद्र वर आहे त्या सगळ्यांना ते दिसतं, आणि नुसत्या डोळ्याने खुशाल बघा. 31 डिसेंबर 2028 ची तारीख लिहून घ्या. रात्री साडेआठनंतर चंद्राला ग्रास लागेल, पावणेदहापासून अकरापर्यंत तो पूर्ण सावलीत, तांबूस झालेला. थंडीचे दिवस, शेतात भरीत-पुरीची पार्टी असेलच तुमची. शेकोटीपासून जरा लांब, गव्हाच्या बांधावर या आणि मान वर करा, चंद्र जवळजवळ डोक्यावरच असेल.