साप जमिनीला जबडा टेकवून ऐकतो

नमस्कार मंडळी. आजचा विषय साउंड हीलिंग, म्हणजे आवाजाच्या थरथरीने मन आणि शरीर शांत करायची पद्धत, पण सापाला सोबत घेऊन. हल्ली नागाचं मोठं चित्र मागे लावून, सर्पशक्ती, नागऊर्जा असं काहीतरी नाव देऊन सेशन्स होतात, लोक मॅटवर आडवे पडतात, कोणीतरी धातूचे बाऊल आणि गाँग, म्हणजे मोठी थाळीसारखी घंटा, वाजवतं आणि मग सांगितलं जातं की तुमची कुंडलिनी, म्हणजे योगात सांगितलेली आत निजलेली शक्ती, जागी होतेय. मला हा विषय मनापासून आवडतो, म्हणूनच सांगते, बऱ्याचदा साप तिथे फक्त चित्रातच असतो. तो आवाजाशी खरंच कसा वागतो हे कोणी बघतच नाही, आणि मला तर वाटतं शिकण्यासारखं सगळं तिथेच आहे.

आता बघा, सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. म्हणून कितीतरी वर्षं लोक त्याला ठार बहिरा समजत होते. पण आतला कान त्याला आहे, आणि त्या कानाला जोडलेलं एक बारीक हाड आहे जे जबड्याच्या हाडाला भिडतं, त्यामुळे तो जबडा जमिनीवर टेकवून पडला की जमिनीतली थरथर जबड्यातून थेट आतल्या कानात जाते. हवेतला आवाजही त्याला कळतो, तो कवटीच्या कंपातून. अजगरांवर प्रयोग झालेत, त्यात दिसलं की त्यांना साधारण ८० ते १६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं असलेला आवाज सगळ्यात चांगला कळतो, म्हणजे एकदम खालचा, खर्जातला. पुंगीवर नाग डोलतो म्हणतात ना, तो सुरावर नाही डोलत, समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून सावधपणे तिच्यासोबत हलत असतो, बिचारा घाबरलेला असतो. त्यामुळे कुठल्याही विधीत जिवंत साप आणत असतील तर तिथे जाऊच नका, त्यात त्याचे हाल होतात आणि माणसाच्या जिवालाही धोका.

तर पहिली गोष्ट, सापासारखं ऐकायचं म्हणजे अंगाने ऐकायचं. हे आत्ता करून बघता येईल, गाडी चालवत असाल तर नंतर करा. दोन्ही कान बोटांनी हलकेच बंद करा, ओठ मिटा, दात एकमेकांवर टेकवू नका, आणि जितका खाली जमेल तितक्या खालच्या सुरात ‘म्म्म’ करत श्वास सोडा. अगदी सावकाश. कळतंय का, आवाज कानातून येत नाहीये, जबड्यातून, गालातून, छातीतून येतोय? पुरुषांचा खालचा आवाज साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे अजगराला जे नीट कळतं त्याच पट्ट्यात. बायकांचा थोडा वर लागतो, पण थरथर तशीच जाणवते. याला भ्रामरी म्हणतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. गुणगुणण्याने नाकातला नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू साध्या श्वासापेक्षा कितीतरी पटीने वाढतो, २००२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात तो १५ पट वाढलेला दिसला होता. आणि श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात. मन शांत झाल्यासारखं वाटतं त्यात याचा मोठा वाटा आहे, त्याला चमत्कार म्हणायची गरज नाही आणि म्हणून त्याची किंमतही कमी होत नाही.

आता कुंडलिनी. साडेतीन वेटोळी घालून निजलेली सर्पिणी, हे चित्र आपल्याला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातूनच ओळखीचं आहे, कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वळण घेऊन निजलंय असं माऊली सांगतात. पण मला त्याहून जास्त धरून ठेवतो तो हठयोगप्रदीपिका या योगावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या चौथ्या अध्यायातला एक श्लोक. तिथे साप म्हणजे शक्ती नाही, तिथे साप म्हणजे मन! नाद ऐकला की हा आतला भुजंग सगळं विसरून एकाग्र होतो आणि कुठेही धावत नाही. त्याच अध्यायात नादांचा क्रमही दिलाय, आधी समुद्र, मेघ, नगाऱ्यासारखे मोठे आवाज, मग शंख, घंटा, आणि शेवटी किणकिण, बासरी, वीणा, भुंग्याची गुणगुण. म्हणजे स्थूलाकडून सूक्ष्माकडे. आणि आपल्या सेशनमध्ये काय होतं, शेवटी गाँग इतका जोरात वाजवतात की दचकायला होतं, अगदी उलटा क्रम. कोणी शिकवणारे ऐकत असतील तर विनंती आहे, आवाज वाढवत नेऊ नका, कमी करत न्या.

ग्रीसमध्ये एपिडॉरस नावाचं ठिकाण आहे, अस्क्लेपिअस या वैद्यदेवाचं. त्याच्या काठीला एकच साप गुंडाळलेला असतो, डॉक्टरी चिन्हात आजही तो दिसतो. दोन साप आणि पंख असलेली काठी वेगळी, ती हर्मिस देवाची, लोक नेहमी घोळ घालतात. तर तिथे आजारी माणसं देवळाच्या आवारात रात्री झोपायची, बिनविषारी साप मोकळे फिरायचे, देवाची स्तोत्रं गायली जायची, त्यातलं एक स्तोत्र दगडावर कोरलेलं सापडलंय. दुसऱ्या एका शिलालेखात लिहिलंय की एकाच्या पायाच्या बोटाची जखम सापाने जिभेने बरी केली. ते खरं मानायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण त्या जागेची रचना बघा, गाणं, झोप, आणि रात्रभर वाट बघणं. कोणालाच घाई नव्हती. तासाभरात बरं करून देतो म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मेक्सिकोत चिचेन इत्झाला कुकुलकानचा, म्हणजे पिसांच्या सापाचा पिरॅमिड आहे, तिथे पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की प्रतिध्वनी केत्झाल पक्ष्याच्या आवाजासारखा परत येतो. हे मुद्दाम साधलंय की आपसूक झालंय यावर अजून वाद आहे.

ऑस्ट्रेलियाबद्दल मात्र जरा सांभाळून बोलायला हवं. तिथल्या आदिवासींच्या कथांमध्ये इंद्रधनुष्याचा साप आहे, पाणी आणि जमीन घडवणारा, आणि उत्तरेकडच्या लोकांचं डिजेरिडू हे वाद्य आहे, वाळवीने आतून पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचं, खोल घुमणारं. दोन्ही एकत्र करून ‘सर्प विधी’ म्हणून विकतात ते मला पटत नाही, कारण ती माणसं आजही आहेत आणि त्या कथा त्यांच्या जिवंत श्रद्धा आहेत. वाद्य शिका, जरूर शिका, पण विधी त्यांचा त्यांच्याकडे राहू द्या. आणि शिकण्यात फायदाही आहे, झोपेत श्वास अडकणाऱ्या २५ जणांवर एक अभ्यास झाला होता, त्यात चार महिने डिजेरिडू वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली, कारण घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो.

मग आपला स्वतःचा साधा विधी कसा असावा? मी कात टाकण्यावरून घेते. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ, निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही, तो कोपरा धरून गप्प बसतो. मग तोंड कशावर तरी खरखरीत घासतो, आणि कात ओठापासून सुटत उलटी होत जाते. म्हणून आधी डोळे मिटून नुसतं गप्प बसायचं, आवाज नाहीच. मग जबडा, गाल, कानामागचा भाग बोटांनी हळूहळू चोळायचा, तिथे आपण दिवसभर किती ताण धरलेला असतो ते हात लावल्यावर कळतं. मग लाकडी फरशीवर पालथं पडून गाल टेकवायचा आणि दुसऱ्या कोणीतरी तिथेच जवळ तळहाताने मंद ठोके द्यायचे. मग गुणगुणायचं, आधी मोठं, मग लहान, मग बंद. शेवटच्या शांततेला पुरेसा वेळ द्या, लगेच मोबाईल उचलू नका. रेकॉर्डिंगवर हे होत नाही हो, फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही.

आणि एक स्पष्ट सांगते, यातून ताण हलका होतो, झोप सुधारू शकते, पण गाठ, साखर, इन्फेक्शन बरं होत नाही, औषधं बंद करू नका. बाऊलच्या एका अभ्यासात ६२ लोकांना सेशननंतर ताण आणि राग कमी वाटला, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, तेवढ्यावर मोठे दावे करता येत नाहीत. फिट येत असेल, कानात सतत आवाज येत असेल, पेसमेकर असेल, पोटात बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि अंगावर बाऊल ठेवू देऊ नका. कुठल्या सेशनला गेलातच तर सुरुवातीलाच विचारा, आवाज किती मोठा असणार, गाँग माझ्यापासून किती लांब, मध्येच उठून बाहेर जाता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणाले तर तिथे थांबू नका, पैसे भरले असले तरी.