शुगर वाढतेय हे शरीर कधी सांगतं?

रात्री सारखं लघवीला उठावं लागतं, उठलं की घसा कोरडा पडलेला, मग घटाघटा पाणी प्यायचं आणि थोड्या वेळाने परत उठायचं. बहुतेकांना वाटतं पाणी जास्त पितोय म्हणून लघवी जास्त होतेय. शुगर वाढलेली असते तेव्हा हे उलटं असतं, आधी लघवी वाढते आणि त्यामुळे तहान लागते.

होतं काय, किडनी रक्त गाळताना त्यातली साखर परत आत घेते, पण रक्तातली शुगर साधारण 180 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर गेली की तिला सगळी घेणं जमत नाही, मग उरलेली साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते.

आता हा 180 चा आकडा नीट लक्षात घ्या, कारण उपाशीपोटी शुगर 126 किंवा जास्त आली आणि परत तपासल्यावरही तशीच आली तर डॉक्टर डायबिटीस आहे म्हणतात. म्हणजे आजार सुरू झालेला असतो आणि तरी जास्त तहान नाही, सारखी लघवी नाही, काहीच नाही, असं कित्येक वर्षं चालू शकतं. मला तरी यातलं सगळ्यात धोक्याचं हेच वाटतं. "मला काही त्रास नाही" यावरून शुगर कळत नाही, त्यासाठी रक्तच तपासावं लागतं. एचबीएवनसी ही रक्ततपासणी केली तर गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज येतो, 6.5 टक्के किंवा जास्त म्हणजे डायबिटीस.

बाकीची लक्षणं आपण दुसऱ्याच कशावर तरी ढकलतो. काही न करता वजन उतरलं की लोक कौतुक करतात, पण आत साखर पेशींपर्यंत पोचत नसल्यामुळे शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत असतं, म्हणून तर एवढा थकवा. धूसर दिसायला लागलं की आपण चष्म्याचा नंबर काढायला जातो, पण शुगरमुळे डोळ्यातली लेन्स फुगते आणि शुगर खाली आली की नंबर परत बदलतो, त्यामुळे आधी शुगर बघा, चष्मा नंतर. जखम लवकर न भरणं, गुप्तांगाला सारखी खाज, पायाला मुंग्या, हेही त्यातलंच. मानेवर काळपट जाडसर पट्टा दिसत असेल तर तो मळ समजून घासत बसू नका, साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम कमी होतोय याची ती खूण असू शकते.

लहान मुलांचं मात्र वेगळं आहे, तिथे टाइप 1 डायबिटीस, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा प्रकार, असेल तर सगळं काही आठवड्यांत घडतं. अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल परत करायला लागलं, सारखं पाणी मागतंय, बारीक होतंय, तर त्याच दिवशी शुगर तपासून घ्या. आणि उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास असं काही असेल तर पोट बिघडलंय म्हणून घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, तिथे सलाईन आणि इन्सुलिन वेळेत सुरू झालं तर मूल सावरतं.